सायकलवर हात सुन्न पडतात? आधी सीट, मग ग्रिप, हँडल सगळ्यात शेवटी

दोनशे किलोमीटरची माझी पहिली बीआरएम (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत संपली खरी, पण घरी आल्यावर दाराच्या कुलपात किल्ली फिरवता येईना. पाय ठीक, पाठ ठीक. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र जणू दुसऱ्या कुणाचं होतं. अंगठा आणि तर्जनीत किल्ली धरली की ती निसटायची. शेवटी बेल वाजवली.

दुसऱ्या आठवड्यात मी तेच केलं जे सगळे करतात. ऑनलाइन जाड, मऊ, जेलच्या ग्रिप मागवल्या. साडेतीनशे रुपये गेले आणि हात आधीपेक्षा जास्त दुखायला लागले. मग आमच्या मेस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "ताई, ग्रिप देतो की. पण आधी तुम्ही सायकलवर बसा, मला सीट बघू द्या." हातांच्या तक्रारीत सीटचा काय संबंध, असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढे दीड वर्षात चार जोड्या ग्रिप, दोन स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) आणि एक हँडल बदलल्यावर कळलं की मेस्त्रींनी जिथून सुरुवात केली तीच जागा बरोबर होती. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिते आहे: फुकटातले उपाय आधी, खर्चाचे नंतर.

कोणती बोटं, हे आधी बघा

"हात दुखतात" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. पुढच्या फेरीनंतर नीट लक्ष द्या.

करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजू बधिर होत असेल, तर दाब अल्नर नावाच्या नसेवर येतो आहे. कोपर दाराच्या कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ही नस. ती कोपरातून खाली येऊन मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळव्यात शिरते. तिथे तिच्यावर फारसं मांस नसतं. आपण हँडलवर भार टाकतो तो नेमका तळव्याच्या त्याच उंचवट्यावर.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट सुन्न होत असेल, तर ती मीडियन नस. ती मनगटाच्या मधोमध, कार्पल टनेल नावाच्या अरुंद बोगद्यातून जाते. दिवसभर माऊस आणि कीबोर्डवर काम करणाऱ्यांना ही तक्रार सायकलशिवायही असते. सायकल त्यात भर घालते. मनगट वर किंवा खाली मोडलेलं राहिलं की ही नस चिमटते.

बधिरपणा नाही, नुसता मनगटाचा सांधा किंवा अंगठ्याचं बूड दुखतं? मग बहुतेक वेळा हाताचा कोन चुकलेला असतो, किंवा ब्रेक लिव्हर फार लांब असते.

एक घरगुती तपासणी सांगते. कागदाचा तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या बाजूच्या कडेत सपाट धरा आणि दुसऱ्या कुणाला तो ओढायला सांगा. कागद सांभाळण्यासाठी अंगठ्याचं पेर आपोआप वाकत असेल, तर अल्नर नसेने चालणारा स्नायू कमी पडतो आहे. असं दिसलं, बधिरपणा दोन-तीन दिवस टिकला, रात्री झोपेतून उठवायला लागला किंवा वस्तू हातातून पडायला लागल्या, तर ग्रिप शोधत बसू नका. सायकल थांबवा आणि हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे जा.

हातावर भार किती आहे?

सायकल भिंतीला टेकवा किंवा कुणाला तरी मागून धरायला सांगा. नेहमीसारखे बसा, पायडल आडवे ठेवा आणि दोन्ही हात हँडलवरून दोन बोटांइतके वर उचला. पाठ आणि पोट फारसं न ताणता तसंच राहता आलं तर ठीक. लगेच पुढे कोसळायला झालं, तर तुमच्या धडाचा बराच भार हात पेलताहेत. अशा वेळी ग्रिप कितीही मऊ घ्या, तो भार कुठे जाणार?

आता सीट. तिच्यावर लांब वही किंवा फळी ठेवा आणि वर स्पिरिट लेव्हल, नाहीतर मोबाइलमधली लेव्हल ठेवा. सायकल सपाट जमिनीवर हवी, सोसायटीच्या उतारावर नको. सीटचं पुढचं टोक खाली झुकलेलं असेल तर आपण सतत पुढे घसरतो आणि ते घसरणं हातांनी थोपवत राहतो. माझी सीट जेमतेम तीन अंश झुकलेली होती. पुढे दाब येतो म्हणून ती मीच कधीतरी झुकवली होती, आणि विसरले होते. बहुतेकांना सपाट किंवा जेमतेम एखादा अंश खाली इतकं पुरतं. सपाट केल्यावर पुढे टोचत असेल, तर सीटचा आकार तुम्हाला मानवत नाही. त्याची शिक्षा हातांना का?

दुसरी गोष्ट उलटी वाटेल. हँडल लांब वाटतं म्हणून लोक सीट पुढे सरकवतात. तसं केलं की शरीराचा तोल पायडलच्या पुढे जातो आणि हातावरचा भार वाढतो. खुर्चीतून उठताना पाय मागे घेतल्याशिवाय उठता येत नाही, तसंच हे: पायांच्या मानाने बूड जितकं मागे, तितकं धड पुढे झुकूनही सावरता येतं. म्हणून सीट पाच-पाच मिलिमीटरने मागे न्या. सीटखालच्या रेलवर (दांड्यांवर) खुणा असतात, त्यांच्या पलीकडे जाऊ नका. सीट मागे गेली की पायडलपासूनचं अंतर थोडं वाढतं, तेव्हा उंची दोन-तीन मिलिमीटर कमी करा. गुडघ्यामागे ताण जाणवायला लागला तर जास्त झालं, एक पाऊल परत या.

यानंतरही हँडल लांब वाटेल. ते सोडवायचं स्टेमने.

हँडल वर घेणं

स्टेम दोन प्रकारचे असतात, आणि तुमचा कोणता हे वरून बघताच कळतं. जुन्या आणि साध्या सायकलींमध्ये चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) नळीत आत उतरणारा, इंग्रजी सातच्या आकड्यासारखा स्टेम असतो. त्याचा वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, बोल्टच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका, म्हणजे आतली पाचर सुटेल. स्टेम वर ओढा. त्याच्यावर किमान किती आत हवं याची रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसता कामा नये. तेवढ्याशा मोहापायी स्टेम चालत्या सायकलीतून उपटून हातात येऊ शकतो. परत बसवताना आतल्या भागाला ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो नळीला कायमचा चिकटतो.

नव्या हायब्रिड, एमटीबी (डोंगरवाटांच्या) आणि रोड सायकलींत स्टेम नळीच्या बाहेरून चिमटा घेतो आणि त्याच्या वर-खाली स्पेसरच्या चकत्या असतात. इथे क्रम महत्त्वाचा. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा. स्टेम काढा, वरच्या चकत्या त्याच्याखाली टाका, स्टेम बसवा. नळीचं तोंड स्टेमच्या (किंवा वर उरलेल्या चकतीच्या) कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली हवं. आता टोपीचा बोल्ट हलका आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की खडखड नको, आणि हँडल अडखळतही फिरायला नको. हँडल चाकाशी सरळ करा, आणि मगच बाजूचे बोल्ट आवळा. सहसा पाच ते सहा न्यूटन-मीटर (बोल्ट आवळायच्या जोराचं माप); स्टेमवर आकडा छापलेला असतो, तो माना. टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगची ढिलाई काढतो. मी पहिल्यांदा तोच जीव खाऊन आवळला होता आणि हँडल जात्यासारखं जड फिरत होतं.

चकत्या संपल्या असतील तर स्टेम उलटा करून बघा. सहा-सात अंश खाली जाणारा स्टेम उलटवला की तितकाच वर जातो. फुकटात दोन-अडीच सेंटिमीटर मिळतात. तेवढ्याने भागत नसेल तर आखूड किंवा जास्त चढा स्टेम घ्या. हँडल वर घेतल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ब्रेक आणि गिअरच्या केबल ताणल्या जात नाहीत ना. वळणावर आपोआप ब्रेक लागणं परवडत नाही.

ब्रेक लिव्हर: पाच मिनिटांचं काम, सगळ्यात जास्त दुर्लक्षित

दुकानातून येते तेव्हा बऱ्याचदा सायकलची लिव्हर जमिनीला समांतर लावलेली असते. म्हणजे ब्रेकवर बोटं ठेवायला मनगट मागे मोडावं लागतं, आणि गावातल्या रस्त्यावर बोटं सतत ब्रेकवरच असतात. लिव्हरच्या पट्टीचा बोल्ट सैल करा, सीटवर बसा, बोटं सरळ पुढे करा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ आली पाहिजे. लिव्हर त्या बोटांखाली आणून ठेवा. साधारण तीस ते पंचेचाळीस अंश खाली येते.

मग अंतर. माझे हात लहान आहेत. लिव्हर गाठायला मला तळवा ग्रिपवरून पुढे सरकवावा लागायचा. लिव्हर जिथे बुडाशी जोडलेली असते तिथे बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर ग्रिपच्या जवळ येते. पूर्ण दाबल्यावर ती ग्रिपला टेकत नाही एवढं बघा. टेकली तर केबल ताणून घ्या.

नवा स्टेम घ्यावा लागला नसेल, तर इथपर्यंत एक रुपया खर्च झालेला नाही. आता निदान तीन-चार फेऱ्या मारा. माझी अर्धी तक्रार इथेच संपली होती.

ग्रिप

सपाट हँडलची ग्रिप बसते त्या जागेची जाडी जवळपास सगळीकडे २२.२ मिलिमीटर असते, त्यामुळे ग्रिप बसेल की नाही याची चिंता नको. लांबी मात्र मोजा. साधी ग्रिप १३० मिलिमीटरच्या आसपास असते. मूठ फिरवून गिअर बदलायची सोय असेल तर तिथे आखूड, ९० मिलिमीटरच्या आसपासची लागते. ग्रिप दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या लांबीच्या असू शकतात, हे दुकानदारही विसरतात.

मऊ म्हणजे आरामदायक, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. फार मऊ जेल दहा मिनिटांत दबतं, त्याखालची नळी तळव्याला लागतेच, आणि वर ग्रिप लिबलिबीत झाल्यामुळे आपण ती घट्ट आवळून धरतो. लहान हातात जाड ग्रिप असेल तर बोटं पूर्ण वळत नाहीत आणि कोपरापर्यंतचे स्नायू दुखतात. ग्रिप धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या जवळपास यावं. दोन्हींत मोठी फट राहत असेल तर बारीक घ्या. बोटाची नखं तळव्यात रुतत असतील तर जाड.

करंगळीकडची तक्रार असेल तर पंखासारख्या चपट्या टोकाची ग्रिप घ्या. जर्मनीच्या एर्गॉन (Ergon) कंपनीने हा आकार लोकप्रिय केला. आता तसल्या आकाराच्या स्वस्त ग्रिपही मिळतात. तळव्याचा बाहेरचा भाग नळीच्या गोलाईवर टेकण्याऐवजी रुंद पंखावर टेकतो आणि भार पसरतो. पण हा पंख लावायची एक पद्धत आहे, आणि ती चुकली तर गोल ग्रिप परवडली. पंख जास्त वर केला तर मनगट मोडलेलं राहतं. फार खाली केला तर हाताला आधारच नाही. बोल्ट अर्धवट सैल ठेवा, बसा, डोळे मिटून हात सहज टेकवा. हात ग्रिपला जिकडे फिरवतील तिकडे ती राहू द्या. तिथे बोल्ट आवळा, वीस किलोमीटर जा, आणि मग एक-दोन मिलिमीटरने फिरवा. सोबत अॅलन की ठेवा. माझा कोन ठरायला तीन रविवार गेले. खडकवासल्याच्या वाटेवर कडेला थांबून ग्रिप फिरवणारी बाई बघून दोघा-तिघांनी पंक्चर आहे का विचारलं.

झिणझिण्या मुख्यतः खडबडीत रस्त्याच्या थरथराटाने येत असतील, तर सिलिकॉनच्या हलक्या फोमसारख्या ग्रिप चांगल्या. त्या दबल्या तरी पुन्हा फुगतात. तोटा एवढाच की सायकल भिंतीला घासली की त्यांचा तुकडा निघतो.

जुनी रबरी ग्रिप काढायला बारीक स्क्रूड्रायव्हर कडेने आत सरकवा आणि फटीत पाणी किंवा हँड सॅनिटायझर सोडा, ग्रिप फिरवत ओढा. नवी बसवायलाही सॅनिटायझरच. घसरून आत जाते आणि अल्कोहोल उडून गेलं की घट्ट बसते. तेल, साबण किंवा ग्रीस कधीही नको, उतारावर ग्रिप हातात येईल. बोल्टच्या ग्रिपला दोन-तीन न्यूटन-मीटर पुरतात. आणि टोकाची बुचं विसरू नका. पडल्यावर उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसते, ही अतिशयोक्ती नाही.

ग्रिपच्या जोडीला टोकाची शिंगं, म्हणजे बार-एंड, लावता आली तर लावा. त्यांच्यावर हात धरला की तळवे एकमेकांसमोर येतात, हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसे. दुसरी धरायची जागा मिळणं हे पहिली जागा मऊ करण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं मत झालंय.

हँडल बदलायचंच असेल

दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा. कोपरं अंगाजवळ सैल ठेवा, डोळे मिटा, हात हँडल धरल्यासारखे समोर करा. आता बघा: पेन्सिली एका सरळ रेषेत नसतात. दोन्हींची बाहेरची टोकं तुमच्याकडे वळलेली असतात. सपाट हँडलचा मागचा वळसा सहसा पाच ते नऊ अंश. पेन्सिली यापेक्षा बऱ्याच वळलेल्या असतील आणि मनगटाचा सांधा दुखत असेल, तर तुमचं मनगट दर फेरीला तेवढं आडवं मोडतं आहे. त्यावर ग्रिप काहीच करू शकत नाही.

बाबांच्या काळ्या ॲटलसचं हँडल आठवतं? दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या सायकलींनाही तेच: मधून वर येऊन दोन्ही बाजूंनी पार मागे वळलेलं. आपण ते जुनाट म्हणून सोडून दिलं. तळवे त्याच्यावर जवळजवळ समोरासमोर येतात, पाठ ताठ राहते. बाबा तेहतीस वर्षं त्यावर कामावर गेले. गुडघे दुखले, हात कधी नाही. तो वळसा आता नव्या सायकलींसाठी ॲल्युमिनिअममध्ये मिळतो, वीस-तीस अंशांपासून पंचेचाळीसपर्यंत. जुन्या सायकलचं हँडल काढून तसंच लावायचा विचार मात्र करू नका. ते रॉड ब्रेकसाठी, म्हणजे केबलऐवजी दांड्यांनी चालणाऱ्या ब्रेकसाठी, घडवलेलं असतं.

खरेदीआधी मोजपट्टी घ्या. मधली जाडी, जिथे स्टेम पकडतो, ती २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असते. काही एमटीबींत ३५. स्टेम ३१.८चा आणि हँडल २५.४चं असेल तर मध्ये घालायची पातळ बाही, शिम, मिळते. उलटं जमत नाही. टोकाकडची जाडी २२.२च हवी, नाहीतर तुमचे ब्रेक आणि शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) चढणार नाहीत. वळणानंतरचा सरळ भाग ग्रिप, ब्रेक आणि शिफ्टर मावतील एवढा हवा, म्हणजे निदान १८ ते २० सेंटिमीटर. हँडल मागे वळलं की हातही मागे येतात, बसणं आखडतं. तेव्हा स्टेम कदाचित लांब लागेल, आणि पूर्ण वळवल्यावर टोक गुडघ्याला लागत नाही हे दुकानातच तपासा. केबल नव्या घ्याव्या लागतील असं धरून चला.

रुंदीचं सोपं आहे. सपाट हँडल फार रुंद वाटतं? कापायच्या आधी ब्रेक, शिफ्टर आणि ग्रिप एक-एक सेंटिमीटर आत सरकवून आठवडाभर चालवा. आवडलं तर पाइप कटरने कापा. कापलेलं परत जोडता येत नाही.

ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं) बसवून घ्यावं का, असं बरेच जण विचारतात, कारण त्यात हात ठेवायला तीन-चार जागा असतात. जागा असतात हे खरं, पण लिव्हर, शिफ्टर, कधी ब्रेकही बदलावे लागतात. हिशेब दुसऱ्या सायकलच्या जवळ जातो. ज्यांच्याकडे ड्रॉप आहेच, त्यांनी लिव्हरचे हुड (हात टेकवायचे रबरी उंचवटे) थोडे वर फिरवून मनगट सरळ होतं का बघावं, आणि टेप दोनपदरी गुंडाळावी. जुनी टेप काढायचीही गरज नाही, तिच्यावरूनच नवी.

चालवताना

कोपरं किंचित वाकलेली. दर पाच-दहा मिनिटांनी हात हलवा, दुखायची वाट न बघता. टायरची हवा तपासा: ३५ मिलिमीटरच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी ४५ ते ५५ पीएसआय पुरते, पण रस्त्याकडेचा पंपवाला प्रेमाने ऐंशी भरून देतो आणि मग हायवेवरच्या रंबलरच्या पट्ट्या थेट दातांत जाणवतात. ग्लोव्ह्ज घाला, पण पातळ गादीचे. जाड ग्रिप आणि जाड ग्लोव्ह्ज एकत्र म्हणजे मूठ वळणारच नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. माझ्या वहीत "सीट ५ मिमी मागे, ४० किमी, करंगळी ठीक, गुडघा कुरकुरला" अशा ओळी आहेत. त्या नसत्या तर कशाने फरक पडला हे मला आजही सांगता आलं नसतं. बदलानंतरच्या पहिल्या पन्नास किलोमीटरांनी स्टेम, हँडल आणि ग्रिपचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. नवे बसवलेले हमखास थोडे सैल झालेले असतात.